प्राथमिक शाळेत सिनेमा शिकवण्याची शास्त्रोक्त पद्धत

मेलबर्नच्या शाळेत ‘पालक-मदतनीस’ म्हणून हौसेने नाव दिले आणि ‘मीडिया आर्ट्स’ गळ्यात पडले, तर डगमगू नये. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात नृत्य, नाट्य, संगीत आणि चित्रकलेच्या पंक्तीला हा विषय पहिलीच्याही आधीपासून बसवलेला आहे. ज्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही, त्यानेही चित्रे आणि आवाज टिपून गोष्ट सांगायची. नाडीचे पुढे बघू.

आरंभ इतिहासाने करावा. ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ हा तासाभराहून लांब कथापट २६ डिसेंबर १९०६ रोजी याच शहरात, अथेनियम हॉलमध्ये लागला. जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून त्याचे नाव घेतात. मात्र या टोळीचा म्होरक्या नेड केली नांगराच्या पत्र्यांचे चिलखत घालून पोलिसांशी लढला, एवढे तोंडातून निघताच अख्खा वर्ग दरोडेखोर होतो. पोलीस व्हायला कुणी उरत नाही.

मग आपल्याकडची बाजू राखायला फाळके काढावेत. ‘राजा हरिश्चंद्र’ टाळावा; दिलेल्या शब्दापायी राज्य कशाला सोडायचे, हे मुलांना पटत नाही, आणि मलाही कधी पटलेले नाही. त्यापेक्षा वाटाणा सांगावा. १९१२च्या सुमारास फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून छोटी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल उभे केले. वाटाण्याला संवाद नसतात. शिवाय ‘आमच्या वाटाण्याला एवढासाच रोल का?’ म्हणून त्याची आई भेटायला येत नाही.

वर्गानेही तसाच एक वाटाणा आणि आपली गोष्ट एकेक फोटो जोडून उभी करावी. सेकंदाला १२ फोटो धरले, तर मिनिटाला ७२० होतात. हे गणित वर्गापासून लपवावे. आयपॅड खुर्चीच्या पाठीला चिकटपट्टीने घट्ट बांधावा, तरीही दर चार फोटोंमागे एकात कुणाचा तरी अंगठा येतोच. तो खोडू नये. मुलांच्या मते तोच राक्षस असतो आणि कथा तिथूनच रंगते. आपल्याला सुचलेली सुंदर, बोधप्रद कथा खिशातच ठेवावी.

बाहेरचे चित्रीकरण शक्यतो टाळावे. ‘नो हॅट, नो प्ले’ हा नियम इथे घटनेसारखा पाळतात. त्यामुळे वर्गातून उघड्या डोक्याने पळालेला दरोडेखोर मैदानात पोचतो तो मानेवर झालर असलेल्या निळ्या टोपीत, आणि त्याला पकडणाराही तशाच टोपीत. त्यात मरणाऱ्याला मरण पुरत नाही. तो उठून पुन्हा मरतो. संवादांच्या वेळी नेमके कॉकाटू पक्षी ओरडतात.

सर्वांत नाजूक बाब परवानगीच्या फॉर्मची. ज्या मुलाच्या घरून फोटोला मनाई आहे, त्याचा चेहरा दिसता कामा नये. अशा मुलाला कोपऱ्यात न बसवता नेड केली करावे. पुठ्ठ्याच्या शिरस्त्राणाला डोळ्यांपुरती फट ठेवली की कायदाही सांभाळला जातो आणि नायकही मिळतो.

श्रेयनामावली सिनेमापेक्षा लांब झाली तरी चालेल. ‘दिग्दर्शन’ या शब्दाखाली सगळ्या वर्गाची नावे घालावीत, नाहीतर रडारड होते. फिल्म आपल्या मुलाच्या नागपूरच्या आजीला मात्र पाठवता येत नाही, कारण तीत दुसऱ्यांची मुले असतात. तिला नुसता वाटाण्याचा तुकडा पाठवावा. लगेच उत्तर येते : ‘छान आहे, पण एकाच दाण्याची उसळ कशी व्हायची?’