पाळोळ्याला कोण गेलं होतं म्हणे

वहिनी, तो शेवगा राहू दे, जरा गडग्यापाशी या. खरं सांगा, माझी होडी उलटली असं तुम्हाला कोणी सांगितलं? दूधवाल्यानं ना? तरी म्हटलं, सकाळी पिशवी हातात देताना मेला माझ्याकडे असा काय बघत होता! वरच्या आळीत तर मला बुडताना कोळ्यांनी बाहेर काढली इथपर्यंत मजल गेली आहे. उद्यापर्यंत माझं तेरावंही उरकतील.

उलटली नाही हो, उलटवली. मुद्दाम. सांगते, पण तुमचा कुकर लागलाय ना? मग शिट्ट्यांवर लक्ष असू द्या.

ती माझी कुडाळची मैत्रीण, नाही का, जिच्या मुलीच्या लग्नात आपल्याला सोलकढी दुसऱ्यांदा मिळाली नव्हती, ती. निवृत्त झाल्यापासून तिला काहीतरी नवीन करायचा झटका आलाय. आधी हार्मोनियम झाली, मग पोहणं. आणि आता म्हणे कयाक. मी म्हटलं, बाई, आपलं वय काय, गुडघे काय! तर म्हणते, त्यात गुडघ्यांचं कामच नाही, बसून तर करायचं. यावर काय बोलणार? रेल्वेनं थेट काणकोणला उतरलो, तिथून रिक्षा. पाळोळ्याचा किनारा तिथून अगदी जवळ. बरोबर तिचे हेही होते. पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. त्यांचं पुढे येतंच आहे, थांबा.

जागा मात्र देखणी हो. अर्ध्या चंद्रासारखी खाडी, दोन्ही टोकांना झाडीचे डोंगर आणि उत्तरेच्या टोकाला एक बेट. पुरी ओहोटी लागली की चालत जाता येतं त्या बेटावर. पाणी उथळ, तळ कसा हळूहळू उतरत जातो, त्यामुळे लाट येते तीही दमून आल्यासारखी. माझा भाचा सांगत होता, 'द बॉर्न सुप्रीमसी' नावाचा इंग्रजी सिनेमा आहे ना, २००४ चा, त्याची सुरुवात इथेच घेतली आहे. नायक वाळूवर धावतो म्हणे. आता त्या वाळूवर गर्दी इतकी की नायकाला धावायला जागा मिळायची नाही.

बरं, ती होडी. होडी म्हणजे काय, पोकळ प्लास्टिकचं लांबट धूड, वर बसायला दोन खाचा. आत बसायचं नाही, वर बसायचं. आणि त्याला चक्क आरपार भोकं! मी होडी देणाऱ्या पोराला म्हटलं, अरे, ही गळकी आम्हाला का देतोस? तो हसला. म्हणाला, भोकं मुद्दाम ठेवतात. बसायची जागा समुद्राच्या पाण्याहून उंच असते, म्हणून वर आलेली लाट भोकांतून आपोआप खाली जाते. होडी तरते ती आतल्या बंद पोकळीवर, भोकांचा तिच्याशी संबंध नाही. इंजिनिअरसाहेबांना हे आधीच माहीत होतं म्हणे. माहीत होतं तर बसा की! तर नाही. छत्री उघडून वाळूवर उभे. उभा जन्म धरणांच्या पाण्यावर काढला, पण घोटा भिजवतील तर शपथ.

मग त्या पोरानं आम्हाला फुगीर जाकिटं घातली, पट्टे आवळले आणि कमरेएवढ्या पाण्यात नेऊन म्हणाला, आता पडा. मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणे, आधी इथे पडून परत चढायला शिका, मग पुढे सोडतो. आणि मला म्हणतो कसा, "भियेनाका, मावशे." पडलो. म्हणजे होडी पालथी झाली, आम्ही दोघी दोन बाजूंना. पालथी होडी परत सुलटी करायची, मग काठाला धरून पाय मारायचे, पोटावर आडवं पडून तिच्यावर सरपटत यायचं आणि वळून बसायचं. शोभा काही विचारू नका. पण जमतं. हेच कोणीतरी पाहिलं असणार आणि इथे सावंतवाडीत पोचवलं असणार. किनाऱ्यावर आपल्या बाजारपेठेतला कोणीतरी होता, मला एक टोपी ओळखीची वाटलीच होती.

कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. हातांनी ओढायचं नाही, कमरेतून वळायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी खांदे बोलतात. पुढचीनं ताल धरायचा आणि मागचीनं तिच्या तालावर मारायचं, दिशाही मागचीनंच सांभाळायची. म्हणजे पुढे बसणारी राणी आणि मागची सगळा संसार ओढणारी. पुढे कोण बसली, सांगायला हवं का? आणि राणीनं ताल धरावा ना! दोन हात मारले की वल्हं आडवं मांडीवर आणि तोंड सुरू. सुनेनं मिक्सर कसा जाळला, जावयाची बदली कशी अडली. बरं, ती मान वळवून बोलली की होडीही वळते.

पण आमचं बरं म्हणायचं. शेजारी एक नवंनवं जोडपं होतं, पुण्याचं असावं, बोलण्यावरून हो. तो आपली ताकद दाखवायला एकाच बाजूनं जोरजोरात मारतोय, ती रागानं दुसऱ्या बाजूनं उलटं मारतेय, होडी जागच्या जागी भिंगरी! "तू ऐकत नाहीस," "तू सांगत नाहीस." सगळी खाडी ऐकत होती. मी वल्हवायचं थांबले होते ते दमले म्हणून, ऐकायला नव्हे.

किनाऱ्यावरून साहेबांचं चालूच. "डावीकडे! डावीकडे!" आता त्यांची डावी की आमची, ते समोरासमोर असताना कसं कळायचं?

नाही, भीती नाही वाटली. दिवस बघूनच गेलो होतो ना. आमचे मामंजी सांगायचे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. गोव्याकडे थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज येतो. आणि अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही की फार ओढत नाही. पौर्णिमा-अवसेच्या उधाणाला हे उद्योग करू नयेत. वाऱ्याचंही तसंच. सकाळी जमिनीवरचा मतलई असतो, तो मंद. दुपार झाली की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पाणी नुसतं कुरकुरायला लागतं. म्हणून उजाडता उजाडता निघायचं आणि ऊन तापायच्या आत परतायचं. हे सगळं मी त्या पोराला सांगितलं, तेव्हा कुठे त्यानं आम्हाला बेटापर्यंत जायची परवानगी दिली. साहेबांना मात्र तिथीचं गणित पटलं नाही. भरतीचं छापील कोष्टक पाहिजे म्हणाले.

बेटाच्या पलीकडे गेलं की बटरफ्लाय बीच लागतो. तिकडे जायचं तर होडीनं, नाहीतर रानातून पायवाटेनं. आम्ही बेटाच्या टोकाला वळसा घालून नुसतं डोकावलो, तर समुद्राचा सूरच बदलला. खाडीतली लाट आणि उघड्या पाण्यावरची लाट यांत फरक असतो हो. ती फुटत नाही, नुसती खालून उचलते आणि ठेवते. आडव्या होडीला ती पाडू शकते, म्हणून तिच्याकडे नाक करून राहायचं. कुडाळवालीची बडबड तिथे पहिल्यांदा थांबली. "पुरे," म्हणाली. मीही काही आग्रह केला नाही.

परत वळतो तो डाव्या हाताला पाण्यात फुस्स असा आवाज. डॉल्फिन! पाठीवर कुबडासारखा उंचवटा असतो ना, तो, करड्या रंगाचा. एक वर आला, मागून दुसरा. इंजिनाच्या होड्या घुरघुरत त्यांच्या मागे लागतात, त्यातल्या लोकांना शेपटीच दिसते. आम्ही आपल्या गप्प बसून होतो, तर ते श्वास घ्यायला बरेच जवळ आले. फोटो? फोन प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यात, पिशवी जाकिटाच्या आत, आणि जाकीट उघडायचं कोणी?

तुम्हाला एक सांगू का वहिनी? मी जन्मले ती वेंगुर्ल्यात. लहानपणी रापण ओढताना किती वेळा बघितली असेल. ओढायला सगळा गाव, त्यात बायकाही असायच्या. मासळी निवडणार बायका, वाळवणार बायका, पाटी डोक्यावर घेऊन बाजार धरणार बायका. पण होडीत कोण? बाप्ये. माझी आणि समुद्राची ओळख साठीपर्यंत पोटऱ्यांच्या वर गेली नाही. आणि आता तिथेच, मांडवी खाडीत, स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात, स्वतः वल्हवून. माझ्या भावजयीची मावसबहीण जाऊन आली. तिनं आधी मला नाक मुरडून सांगितलं, बायका होडी हाकतात म्हणून! आणि आता तिलाच पुन्हा जायचंय. मग मी विचारलं, कोणी वेड्यात काढलं का तुला? तर म्हणते, कोणाला सांगितलंच नाही. म्हणून तर तुम्हाला सांगते आहे, तुमच्याजवळच राहू द्या.

साडीत नाही हो! सलवार-कुडता, ओढणी घरी. ओली ओढणी वल्ह्यात गुंतली की संपलं. आणि उतरताना होडी आणि वाळू यांच्या मध्ये कधी उभं राहू नका, मागून लाट आली की ती होडी थेट नडगीवर आदळते. त्या पुण्याच्या नवऱ्याला बसली तशी. तो लंगडत होता आणि त्याची बायको त्याला धरून चालवत होती, भांडणबिंडण सगळं विसरून.

तिसरी शिट्टी झाली का? पाचवर बंद करता ना? मग ऐका, साहेबांचं राहिलंच. परतीच्या गाडीत समोर मडगावचं एक कुटुंब. साहेबांनी त्यांच्यापुढे सुरू केलं की आम्ही आज कयाकिंग करून आलो, कमरेतून कसं वळायचं, लाटेला नाक कसं द्यायचं, भोकं कशासाठी असतात, सगळं हातवारे करून. आम्ही! पायाला पाण्याचा थेंब नाही हो माणसाच्या. मी कुडाळवालीला कोपरानं ढोसलं, म्हटलं, बोल की काहीतरी. तिचे तळवे लालभडक, पाण्याची बाटली धरून गार करत होती. म्हणते, सांगू दे त्यांना. पुढच्या वेळी पुढच्या सीटवर त्यांनाच बसवते. आणि पडायचं शिकवायला त्या पोराला आधीच पैसे देऊन ठेवते.