विनापरवाना साफसफाई

साध्या गोष्टीचं प्रकरण कसं करतात हे लातूर-नांदेडकरांना बाहेरच्यानं शिकवायची गरज नाही. २००९ साली विभागीय आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं आणि लातूर रस्त्यावर उतरलं. एवढ्या अनुभवाच्या जोरावर आम्ही सचिनच्या चेंडूची जुनी केस पुन्हा उघडत आहोत.

नोव्हेंबर २००१, दक्षिण आफ्रिकेतलं पोर्ट एलिझाबेथ, भारताची कसोटी. आमचा तर्क असा, की खेळ रटाळ झाला असावा आणि कॅमेरावाल्याला झोप येत असावी. झोप घालवायला त्यानं सचिनच्या बोटांवर कॅमेरा नेला. बोटं शिवणीतली घाण काढत होती. मैदानावरच्या दोन्ही पंचांची काही तक्रार नव्हती. पण टीव्हीवर मोठं करून दाखवलं की अंगठासुद्धा आरोपी दिसतो.

सामनाधिकारी माइक डेनेस यांनी सचिनची ७५ टक्के मॅच फी कापली, शिवाय एका कसोटीची स्थगित बंदी. पुढं खुलासा आला, की चेंडू कुरतडल्याचा आरोप नाहीच. पंचांना न विचारता साफ केला, एवढंच. म्हणजे गुन्हा विनापरवाना साफसफाईचा. तहसीलला चार चकरा मारलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. अर्ज दिला असता तर पाच दिवसांत टेबलही हललं नसतं, ही गोष्ट वेगळी.

इथवर मिटलं असतं. पण साहेबांनी सोबत आणखी पाच जणांना धरलं. जास्त अपील केलं म्हणून सेहवागवर थेट बंदी, आणि पोरं आवरली नाहीत म्हणून कर्णधार गांगुलीवर ठपका. वर पत्रकार परिषदेला येऊन बसले आणि तोंड उघडलं नाही. आमच्या मते भडका इथं उडाला. शिक्षा माणूस सोसतो, साहेबाचा अबोला सोसत नाही. कोलकात्यात पुतळे जळाले, संसदेत आवाज उठला, भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष दालमियांनी डेनेसना हटवायला लावलं. आयसीसी म्हणाली, मग पुढची सेंच्युरियनची कसोटी ही कसोटीच नव्हे. खेळाडू तरी खेळलेच.

अमेरिकेत २०१५ साली तिकडच्या फुटबॉलच्या चेंडूत हवा कमी भरली म्हणून असंच पेटलं. थंडीत दाब उतरतो, हे लातूरच्या क्लासमधलं अकरावीचं पोरगं झोपेत सांगेल. नीटला चार मार्क. तिकडं २४३ पानांचा अहवाल लागला. त्यानंही थंडीचं मानलं, पण सगळी हवा थंडीनं गेली नाही म्हणे. मग तिकडचा नामांकित खेळाडू टॉम ब्रेडी याला चार सामन्यांची बंदी, ती एका कोर्टानं उडवली, वरच्यानं परत बसवली.

चौकशीच्या सुमारास ब्रेडीचा मोबाइल नष्ट झाला, याचा तिकडं केवढा गवगवा! आमच्याकडं पुरावा नष्ट करायचा खर्च कुणी करत नाही. फाईल वरच्या टेबलाला गेली आहे, एवढं सांगितलं की पुरतं.