50 पैकी 50, तरीही...

"नाना, आमच्या बंड्यानं काल जेवताना डोकं उठवलं बघा. म्हणे मेवेदरसारखा बॉक्सर झाला नाही, होणार नाही. 50 लढती, 50 जिंकल्या."

"वहिनी, पन्नासावी कुणाशी, ते सांगितलं का त्यानं? 2017 सालची. समोर कॉनर मॅकग्रेगर. पिंजऱ्यात लाथाबुक्क्या मारणारा गडी. व्यावसायिक बॉक्सिंगमधली त्याची ती पहिलीच लढत! नुरा कुस्ती म्हणत नाही मी, पण असला आकडा पदरात पाडून घ्यायचा आणि वर मिरवायचं?"

"अहो, पॅकियाओलाही हरवलंच की."

"हरवलं ना, 2015 मध्ये. जग ती लढत 2009 पासून मागत होतं. मध्ये 2012 मध्ये मार्केझनं पॅकियाओला सहाव्या फेरीत असा हाणला, की तो तोंडावर पडला तो उठलाच नाही. त्यानंतर जमली बरं ह्यांची तारीख! आणि 2002 मधली कास्तियोबरोबरची पहिली लढत बघायला सांगा बंड्याला. पंचांनी मेवेदरला दिली. बघणारे अजून भांडतायत."

"तुम्ही मेलं वाईटच शोधता. कॅनेलोला नाही हरवलं?"

"23 वर्षांचं पोर होतं ते तेव्हा. नाही, मेवेदर हुशार, अंगाला हात लावू द्यायचा नाही. पण कुणाशी कधी लढायचं, हे त्याला ठोशांहून जास्त कळायचं."

"मग तो मार्सियानो? 49 पैकी 49."

"तिथंही तेच. 1951 मध्ये जो लुईला लोळवलं, तेव्हा लुई 37 वर्षांचा. प्राप्तिकराच्या थकबाकीपायी परत रिंगणात उतरलेला."

"थांबा, थांबा. बंड्या लावतो ते मीही बघते हो. 1954 मध्ये एझर्ड चार्ल्सशी दुसऱ्यांदा लढला, तेव्हा त्याची नाकपुडीच फाटली. रक्त थांबेना. आता लढत थांबवतात की काय, अशी वेळ. आणि ह्यानं आठव्या फेरीत चार्ल्सला झोपवलं. ह्याला सोपं म्हणता?"

"ते मान्य. पण मग त्या चार्ल्सचंच बोला ना! आर्ची मूरला तीनदा हरवलं, तरी लाइट हेवीवेटच्या किताबासाठी त्याला कुणी उभं केलं नाही. वरच्या वजनात गेला, 1950 मध्ये जो लुईलाही हरवलं. तर लोकांना त्याचाच राग, लाडक्या लुईला मारलं म्हणून!"

"आणि स्वतः हरला किती?"

"25."

"अगंबाई!"

"त्यातल्या बऱ्याच हारी उतरत्या काळातल्या. पुढं स्नायू गळत जाण्याच्या आजारानं चाकाच्या खुर्चीत बसला आणि 1975 मध्ये गेला. सांगा बंड्याला, अवघड कारकीर्द ती. तुमचा मेवेदर माझ्या पहिल्या दहांत नाही."