दुसरे दत्तक

ग्वाल्हेरच्या गादीवर दत्तकविधान म्हणून जे जे काही झाले, त्यातले बरेचसे कज्ज्यात आणि काही थोडे रणांगणावर जाऊन संपले, हे या शहरातील शाळकरी पोरासही ठाऊक असताना, आणि ज्या लष्करात आमची पाचवी पिढी नांदत आहे ते लष्करच मुळी १८१० साली दौलतराव शिंद्यांनी दिलेल्या तळाचे शहर झाले असताना, ऐन चैत्रात घरी दुसरा कुत्रा आणण्याची दुर्बुद्धी आम्हांस कोठून झाली, याचा तपास मी गेले दोन महिने करीत आहे.

दौलतराव १८२७ साली निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवा बायजाबाईसाहेबांनी एक अल्पवयीन मुलगा दत्तक घेऊन त्याचे जनकोजीराव केले, आणि सहा वर्षे उलटतात न उलटतात तोच त्याच मुलाच्या पक्षाने बाईंना ग्वाल्हेर सोडावयास लावले. जनकोजीही १८४३ साली निपुत्रिक गेले. त्यांच्या विधवा ताराबाई, ज्या स्वतःच अजून सागरगोटे खेळण्याच्या वयाच्या होत्या, त्यांच्या मांडीवर भगीरथराव नावाचे बालक देण्यात आले व त्याचे जयाजीराव झाले. परंतु त्याच्या नावाने कारभार मामासाहेबांनी पाहावा की दादा खासगीवाल्यांनी, या एका प्रश्नावर दरबार असा काही दुभंगला की वर्ष सरण्यापूर्वी कंपनीची फौज चंबळ उतरून आत आली, आणि २९ डिसेंबर रोजी, एकाच दिवशी, महाराजपूर आणि पनियार येथे दोन लढाया आम्ही हरलो. आम्ही म्हणजे लष्करकर. पराभवाच्या प्रसंगी आम्ही अजूनही प्रथमपुरुषी बहुवचनच वापरतो.

इतका इतिहास पाठ असूनही जेव्हा पुण्याहून चिरंजीवांचा दूरध्वनी आला, की कंपनीने (ही निराळी कंपनी, हिला फौज नाही, पण हुकूम तसेच आहेत) त्यांस परदेशी तैनात केले असून त्यांचे श्वान आता ग्वाल्हेरास रुजू करावे लागेल, तेव्हा आम्ही नाही म्हणू शकलो नाही. "बाबा, तुमच्या सरदारला तरी किती एकटं वाटत असेल हो!" असे ते वर म्हणाले. सरदार हा आमचा पहिला कुत्रा. वय वर्षे सहा, वजन साडेपाच किलो, वर्ण पांढरा, जात मोहल्ल्याच्या मते पामेरियन. खरा पामेरियन या शहरात फारसा कोणी पाहिलेला नाही. १९९४ साली सलमान-माधुरीच्या चित्रपटातील टफी नामक श्वानाने पंचगिरी करून लग्न जमविल्यापासून घरोघरी जे पांढरे, टोकदार कानांचे, सदैव हरकत घेणारे प्राणी आले, ते वस्तुतः भारतीय स्पिट्झ होत. पण 'भारतीय' म्हटल्याने किंमत उतरते, म्हणून सर्वांनी संगनमताने त्यांना पामेरेनियाचे वतनदार ठरविले आहे. वतनाचे कागद नसताना वतनदार म्हणवून घेण्यात लष्करात कोणासच गैर वाटत नाही. जहागिऱ्या खालसा होऊन पाऊणशे वर्षे होत आली, तरी लग्नाच्या पंगतीत कोण कोणाच्या उजव्या हातास बसणार यावरून येथे रुसवे होतात, ते मी डोळ्यांनी पाहिले आहेत आणि दोनदा स्वतःही रुसलो आहे.

एकटेपणाच्या मुद्द्याने मात्र मी जरा गोंधळलो. ज्या मोहल्ल्यांना येथे अद्याप 'गोठ' म्हणतात अशा एका गोठीतल्या आमच्या वाड्यात आजोबांच्या अमदानीत एकोणीस माणसे एका चुलीवर जेवीत असत. कुत्रे तेव्हाही होते. पण त्याची हद्द उंबरठ्यापर्यंत आणि त्याचा रोजमुरा शिळ्या पोळीपर्यंत. त्यास एकटे वाटते काय, असा प्रश्न त्या एकोणिसांपैकी एकाच्याही मनात आला नाही; तो घरातल्या विधवा आत्याबाईंविषयीही कधी आला नव्हता. आता त्या वाड्यात आम्ही उभयता उरलो आहोत आणि कुत्र्याच्या एकांताची चिंता पुण्याहून वाहिली जाते. ही प्रगतीच असावी.

असो. नवे श्वान रेल्वेने आले. आपल्या रेल्वेचा जाबता असा, की कुत्रे बरोबर न्यावयाचे तर पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातील आख्खी कूपे स्वतःच्या नावे करावी, नाहीतर ते गार्डाच्या डब्यातील पेटीत घालावे. चिरंजीवांनी पहिला पर्याय स्वीकारला. ज्या मुलाने बापाच्या मोतिबिंदूच्या वेळी शयनयान श्रेणीचे तिकीट काढून दिले होते, त्यानेच हे केले, एवढी नोंद दफ्तरी असावी. पेटाऱ्यातून जे बाहेर आले ते प्रथमदर्शनी फरशी पुसण्याचे एक उंची फडके वाटले. जात शित्झू, तिबेटाकडून चीनच्या राजवाड्यात गेलेले घराणे, आणि नावाचा अर्थ म्हणे सिंह. मराठी माणसाने मात्र त्या नावाचे पहिलेच अक्षर नीट ऐकावे. पुढील दोन महिन्यांचे संपूर्ण भविष्य त्यात सांगितले होते.

त्याचे व्यक्तिनाम 'नाचो'. हा कोणतासा परदेशी खाद्यपदार्थ आहे असे कळले. हिंदी भाषेच्या मुलखात हे नाव मोठ्याने हाकारणे किती जोखमीचे आहे याची कल्पना पुण्यात बसून येणे शक्य नव्हते. पहिल्याच सायंकाळी आमच्या सौभाग्यवतींनी गल्लीत उभे राहून "नाचो! अरे नाचो!" असा धावा केला, तेव्हा समोरच्या ओट्यावरची चार पोरे खरोखरच नाचू लागली, आणि शेजारीणबाईंनी सज्ज्यातून विचारले, "भाभीजी, एक से मन नहीं भरा था?"

पशुवैद्यांनी अगोदर बजावले होते, की दोन कुत्र्यांची पहिली भेट घरात घडवू नये, कारण घर ही पहिल्याची हद्द. ती तटस्थ भूमीवर घडवावी, दोघांचे पट्टे सैल धरावेत, समोरासमोर न आणता शेजारून चालवावे, आणि घरी आल्यावर पात्रे, बिछाने व खेळणी पृथक ठेवावीत. सल्ला उत्तम होता. आता लष्करात तटस्थ भूमी शोधणे हीच मुळात एक मसलत. अखेर आम्ही फुलबागेबाहेरचा रस्ता मुक्रर केला. फुलबागेच्या आवारात मंदिर, मशीद व गुरुद्वारा एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात उभी असल्यामुळे सलोख्यास यापरते स्थळ नाही, असे मला वाटले. मात्र जवळच झाशीच्या राणीची समाधी आहे हे मी विसरलो होतो. दत्तक नामंजूर केले म्हणजे गोष्टी कोणत्या थरास जातात, याचे त्याहून ठसठशीत स्मारक हिंदुस्थानात नसेल. सरदाराने नाचोस हुंगले, नाचोने सरदारास हुंगले, आणि दोघांनी मिळून एका टांग्याच्या घोड्यावर भुंकून घेतले. मी हर्षभरित झालो. ताराबाईंच्या दत्तकविधानाच्या दिवशीही पेढे वाटलेच असतील.

खरा प्रश्न ताजिमीचा निघाला. पहिले कोणास वाढावयाचे? दारावरची घंटा वाजली असता पुढे कोणी धावावयाचे? श्वानशास्त्र म्हणते, ज्येष्ठास अग्रमान द्यावा, म्हणजे त्याचे मन दुखावत नाही. हे शास्त्र आमच्या दरबारी शिरस्त्याहून एका अक्षरानेही भिन्न नसल्याने मी तत्काळ त्याचा पुरस्कर्ता झालो. पण सौभाग्यवतींचा कल 'आईविना आलेल्या लेकरा'कडे. आठवड्याभरात घरात दोन पक्ष उभे राहिले: त्या मामासाहेब, मी खासगीवाला. सरदारास मी चोरून पनीर देई, नाचोस त्या उघड उघड तूपभात देत, आणि दोघांचेही पोट बिघडल्यावर वैद्याच्या फीचे ओझे मात्र विनातक्रार खासगीच्या खाती पडे.

या सुमारास मला साताऱ्याच्या शाहू महाराजांचे फार स्मरण होई. महाराजांच्या एका आवडत्या कुत्र्याने शिकारीत वाघापासून त्यांचा जीव वाचविला; तेव्हा त्यांनी त्या कुत्र्यास रीतसर सनद देऊन जहागीर व पालखीचा मान बहाल केला, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे, आणि त्या खंड्याची समाधी संगम माहुलीस लोक आजही दाखवितात. याच शाहू महाराजांनी आपल्यामागे गादीसाठी रामराजास पसंत केले, आणि ज्या ताराबाईंनी (या कोल्हापूरकर, आमच्या नव्हेत) तो आपला नातू म्हणून पुढे केला होता त्यांनीच १७५० साली त्यास कैद करून हा तोतया असे जाहीर केले. महाराजांच्या दोन निवडींपैकी कुत्र्याची सनद कोणी नाकारल्याचे कोठे वाचनात येत नाही. पण खंड्यास पालखी एकट्यास होती, ही गोष्ट मी सौभाग्यवतींच्या नजरेस आणून दिली. "अहो, त्याने वाघापासून वाचवलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमचा सरदार झुरळाला भितो."

मे उजाडला आणि तंटा सिंहासनापर्यंत आला. ज्याने ग्वाल्हेरचा उन्हाळा काढला नाही त्यास सांगून कळावयाचे नाही, की पारा पंचेचाळिसाच्या पुढे सरकला म्हणजे या शहरात गादी एकच उरते, ती म्हणजे कूलरसमोरची चार फूट फरशी. माणूस घामाने निवतो. कुत्रे धापा टाकून निवते. आणि आखूड नाकाच्या शित्झूस धापाही धड टाकता येत नाहीत, त्यामुळे उष्माघाताचे भय त्यास अधिक. न्यायाने पाहता ती फरशी नाचोची. वहिवाटीने पाहता ती सरदाराची, सहा उन्हाळ्यांची, निर्वेध. न्याय आणि वहिवाट यांची गाठ पडली की लष्करात पूर्वी महजर होत असे. आता दुपारी दोन वाजता दात दिसत. टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे जे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे, तिकडे नोकरी केलेल्या एका स्नेह्यांस मी गाऱ्हाणे सांगितले. ते म्हणाले, "दुसराच घ्यायचा होता तर मुधोळ घ्यायचा, घोरपड्यांच्या संस्थानातला! काटक, उन्हाला न जुमानणारा, आपला मराठा कुत्रा." मुधोळ हाउंडास आमच्या स्वयंपाकघरात वळावयासही जागा नाही, हे मी सांगितले नाही. मराठा कुत्रा या शब्दानेच ऊर भरून आला होता.

अक्षय्य तृतीयेस तर कहर झाला. नैवेद्याच्या ताटातील श्रीखंड कोणी चाटले, आणि मी विचार न करता सरदारास रट्टा दिला. मागाहून पाहतो तो श्रीखंड नाचोच्या मिशांस. महाभारताच्या आरंभीच अशी एक फिर्याद आहे: जनमेजयाच्या सत्रात त्याच्या भावांनी सरमा नावाच्या कुत्रीच्या पिल्लास मारले, आणि पिल्लू आईजवळ जाऊन म्हणाले, की मी हविर्द्रव्याकडे पाहिलेदेखील नाही, चाटणे तर दूरच. सरमेने राजास शाप दिला. सरदारास आई नसल्याने शाप सौभाग्यवतींनी दिला, तोही विरुद्ध पक्षाच्या असून. यावरून त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो.

त्या दोन लढायांनंतर १८४४ च्या जानेवारीत तह होऊन दरबाराची फौज घटविण्यात आली आणि कारभारी मंडळाने रेसिडेंटाच्या सल्ल्याने चालावे असे ठरले. आमच्या घरी रेसिडेंटाची भूमिका धुणीभांडी करणाऱ्या बाईंकडे गेली. त्या भिंडकडच्या. महिनाभर त्यांनी हा तमाशा राखेच्या हातांनी पाहिला, आणि एके सकाळी मधल्या खोलीत येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काए रे मोड़ा, जे का लगा रखौ है?" त्या प्रदेशात मोड़ा म्हणजे पोरगा. दोघेही गप्प झाले. मीसुद्धा. मग त्यांनी दोन जुनी गोणपाटे भिजवून, पिळून, कूलरसमोर एकमेकांपासून हातभर अंतरावर अंथरली, एकावर बड़ौ मोड़ा व दुसऱ्यावर छोटौ मोड़ा यांस मानगूट धरून बसविले, आणि माझ्या हातातली काठी काढून घेऊन कपाटामागे टाकली. सनद नाही, नजराणा नाही. तेव्हापासून सोमवार ते शनिवार घरात पूर्ण शांतता आहे. दोन्ही मानकरी गोणपाटावर घोरतात आणि बाईंच्या बांगड्या वाजल्या तर नुसती शेपटीची टोके हलवितात.

बाईंना रविवारी सुटी असते. आज रविवार आहे. मधली खोली मामासाहेबांच्या पक्षाकडे, स्वयंपाकघर सरदाराकडे, आणि हा मजकूर मी माडीवर, पत्र्याखाली, ओला पंचा डोक्यास बांधून लिहीत आहे.