फिकट पिवळा कसा निवडावा
(नवशिक्यांसाठी, सहा पायऱ्यांत)

साहित्य : एक हॉल, दोन फिकट पिवळ्या शेड्स, मत असलेली किमान चार माणसं आणि घाईत असलेला एक रंगारी.

१. शेड कार्ड घेऊन खिडकीशी जा. दोन्ही चौकोन निरखा. फरक दिसला नाही तर बोलू नका. "हा जरा हिरवट मारतोय," एवढंच म्हणा. कुणी खोडून काढत नाही.

२. आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्या. पिवळ्या भिंती एकमेकींवर उजेड टाकतात. कार्डावरच्या बोटभर चौकोनात साय वाटलेला रंग चार भिंतींवर हळद होतो.

३. दोन्हींचे छोटे डबे आणून २ बाय २ फुटांचे चौकोन रंगवा. खाली प्रायमर हवाच, नाहीतर जुना निळा वर डोकावतो. पिवळ्याला झाकायची ताकद कमी, म्हणून दोन हात द्या. इमल्शन वाळलं की सहसा थोडं गडद होतं, तेव्हा ओल्यावर मत देऊ नका. शेजारच्या काकू मात्र ओल्यातच येतात आणि वाळलं का ते बोट लावून बघतात. पुढची तुलना त्या ठशासकट करावी.

४. चौकोन सकाळी, दुपारी चारला आणि रात्री बघा. पश्चिमेच्या उन्हात दोन्ही सोनेरी. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली दोन्ही आजारी. ३००० च्या वॉर्म दिव्याखाली कुठला कुठला ते ओळखा पाहू! खरी निवड बल्बची असते; पण बल्ब स्वस्त, त्यामुळे त्यावर घरात चर्चा होत नाही.

५. रंगाऱ्याला विचारा. तो म्हणेल, "साहेब, ऑफ व्हाइट मारू. सगळीकडे तोच चाललाय." त्याला चहा द्या.

६. हॉलमध्ये जास्त वेळ जो बसतो, त्याचं ऐका. सगळा रंग एकदम टिंट करून आणा आणि डबे एकत्र ढवळून घ्या. कमी पडला म्हणून मागाहून आणलेला त्याच नंबरचा लिटर कधीकधी तिसराच पिवळा निघतो.

उरलेला रंग झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवा. सोफ्यामागच्या ओरखड्यांना उपयोगी पडतो. सहा महिन्यांनी आपलीच शेड लागली असं दोन्ही पक्ष पाहुण्यांना सांगू लागतील. नंबर झाकणावर आहे. शिडी काढू नका.