कर्जतचा रफार कुठे गेला?

कर्जत असो की खालापूर, तहसील कचेरीच्या आसपासच्या झेरॉक्सवाल्याकडे मागच्या अंगाला एक संगणक हमखास सापडतो. वर प्लॅस्टिकचं आवरण, शेजारी उदबत्तीचं घर आणि मालकाची सक्त ताकीद: याला कुणी हात लावायचा नाही. आत विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी तिच्यावरून हात काढून घेतला. पण मायक्रोसॉफ्टला कुठे साठेखतं टाइप करायची असतात?

नवा का घेत नाही, असं विचारू नका. घेतलेला असतो. पुढे काउंटरवर लॅपटॉप असतो, त्यावर सातबारा निघतो, क्रिकेट दिसतं. मराठीत दस्त करायचा म्हटलं की मात्र पोऱ्या मागे धावतो. जुन्या लिपी-पॅकेजचं लॉक, ज्यावाचून ते चालायचंच नाही, प्रिंटरच्या 25 पिनांच्या खाचेत बसायचं, आणि नव्या लॅपटॉपला ती खाचच नाही. पतसंस्थांच्या जुन्या हिशेबांची गत आणखी बिकट. डॉसवरचे प्रोग्राम 64-बिट विंडोजवर सुरूच होत नाहीत, आणि विंडोज 11 तर फक्त 64-बिटातच येते. दुरुस्तीवाला येतो, दोन बटणं दाबतो आणि त्याला येणारा एकमेव मंत्र म्हणतो, ‘फॉरमॅट मारावं लागेल.’

यावर तोडगे नाहीत असं नाही. नव्या यंत्राच्या पोटात जुनी विंडोज बसवता येते. डॉससाठी डॉसबॉक्स आहे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायला 1993 पासून ‘वाइन’ आहे (शनिवार-रविवारी इथल्या फार्महाऊसांत चालते ती वेगळी). लॉकचा ड्रायव्हर तिच्यात सहसा चालत नाही, हा भाग निराळा. पण प्रोग्राम चालवणं ही किरकोळ भानगड आहे. खरी मेख फाइलीत आहे.

या जुन्या फॉन्टांत तुम्ही लिहिलेलं मराठी यंत्राच्या लेखी मराठी नसतंच. त्यांपैकी कृतिदेवमध्ये टाइप केलेलं ‘कर्जत’ फाइलीत डी, टी, झेड, आर अशी चार इंग्रजी अक्षरं होऊन पडलेलं असतं. खालापूरची सुरुवात तर चक्क चौकोनी कंसाने होते. फॉन्ट आहे तोवर सगळं झकास. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडा, की आजोबांच्या वाटणीपत्राचा पासवर्ड होतो.

बरं, अक्षराला अक्षर लावून बदलावं, तर तेही सरळ नाही. जुन्या फॉन्टात रफार ‘ज’च्या मागून येतो, युनिकोडमध्ये अर्धा र ‘ज’च्या आधी. माणिकगडाची पहिली वेलांटी जुन्या फाइलीत ‘ण’च्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. ही उलटापालट कन्व्हर्टरला साधली नाही, की कर्जतमधलं कर्ज एका क्लिकमध्ये माफ. त्यात पुन्हा प्रत्येक कंपनीची अक्षरजुळणी वेगळी, त्यामुळे एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला लागू नाही.

मुंबई-पुणे मार्गावर डीसी विजेवरून एसीवर जायचं होतं, तेव्हा रेल्वेने दोन्हींवर धावणारी इंजिनं आधी आणली आणि तारेतला प्रवाह नंतर बदलला. आमच्या मराठी संगणकीकरणात मधलं इंजिनच कुणाला आठवलं नाही. सबबही नव्हती. भारतीय लिप्यांसाठी इस्कीचं मानक 1991 चं, देवनागरीसह युनिकोडची पहिली आवृत्तीही 1991 चीच. विंडोज 2000 मध्ये र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ फॉन्ट आयता आला. तरी आम्ही पुढची कित्येक वर्षं कुलूपबंद फॉन्ट विकत घेत राहिलो, कारण कागदावर सुबक छापून आलं म्हणजे काम झालं, अशी आमची समजूत. मजकूर पुन्हा शोधावा लागेल, दुसऱ्या यंत्रावर न्यावा लागेल, हे ना विकणाऱ्याने सांगितलं, ना घेणाऱ्याने विचारलं. विकणाऱ्याचं त्यात भलंच होतं. अक्षरं त्याच्या कोठडीत, म्हणजे गिऱ्हाईकही तिथेच.

विंडोज 10 चीही मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, तेव्हा हा तमाशा आता दुसऱ्या अंकात आहे. जुन्या फाइली असतील त्यांनी एक करावं: फॉन्ट जिवंत आहे तोवर पीडीएफ काढून ठेवावी, मग मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि रफार, वेलांट्या, ‘शेतकऱ्या’तला अर्धा र डोळ्यांनी तपासावा. ते काम भाच्यावर सोपवू नये. आणि उद्या कुणी नवं मराठी पॅकेज विकायला आला, तर किंमत नंतर विचारा. आधी विचारा, माझा मजकूर युनिकोडमध्ये बाहेर काढता येईल ना? ‘साहेब, सोबत आमचा फॉन्ट लागेल’ असं म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि पुढच्या लोकलने परत पाठवा.