सलग बघणारे नाना

चांगला सिनेमा बघायला थोडी अक्कल लागते, वाईट बघायला नुसती सवड पुरते. पण चांगला, बरा, टुकार आणि महाटुकार असे चार सिनेमे एका बैठकीत ओळीने बघायचे, तर त्याला माणूसच जातिवंत लागतो. पूर्वी प्रत्येक चाळीत असा एक तरी नग असायचा. कुठे त्याला आबा म्हणत, कुठे अण्णा. आपण नाना म्हणू. सरकारी कचेरीतल्या आस्थापना शाखेत वरिष्ठ लिपिक, इतरांच्या रजेचे अर्ज तपासण्यात हयात गेलेली. स्वतःची किरकोळ रजा मात्र आजारपणात खर्च करायची नाही, सिनेमासाठी राखायची, असा नेम.

नानांचा सुवर्णकाळ आला तो १९८२च्या एशियाडनंतर. एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर. विकत घेण्याची ऐपत चाळीत कुणाचीच नव्हती, भाड्याने आणण्याची मात्र सगळ्यांची मिळून होती. शनिवारी संध्याकाळी सहाला मशीन यायचं, रविवारी संध्याकाळी सहाला जायचं. चोवीस तास म्हटल्यावर नानांच्या डोक्यातला लिपिक जागा होई. एक सिनेमा पावणेतीन तासांचा धरला, कॅसेट बदलायला पाच मिनिटं, चहाला दहा, आंघोळीला सुट्टी. म्हणजे आठ सिनेमे बसतात. शेजारचे जोशी म्हणत, “अहो नाना, तीन पुरे. माणसाला झोप असते.” त्यावर नानांचं उत्तर ठरलेलं, “झोपेचं भाडं पडत नाही, जोशी. मशीनचं पडतं.”

आठ सिनेमे बसत हे खरं, पण कुठले आठ, हे नानांच्या हातात नसे. शनिवारी दुकानात गर्दी. मागाल ती कॅसेट कुठल्या तरी लग्नघरात गेलेली. दुकानदार एक नवा सिनेमा द्यायचा आणि त्याच्याबरोबर सहा महिने कुणी न उचललेल्या चार कॅसेटी गळ्यात मारायचा. बाकीचे वर्गणीदार कुरकुरत. नाना कुरकुरत नसत. ते चारही कॅसेटी पिशवीत घालून असे यायचे, की जणू निवडून आणल्यात.

मग कार्यक्रमपत्रिका. तीही आस्थापना शाखेच्या शिस्तीत, सेवाज्येष्ठतेनुसार. म्हाताऱ्या माणसांना नऊला डोळा लागतो, म्हणून पहिला मान राजश्रीच्या ‘नदिया के पार’ला. जेवणं झाल्यावर तरुण मंडळींसाठी जितेंद्र-श्रीदेवीचा ‘हिम्मतवाला’. बाराच्या ठोक्याला रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’. तेव्हा मुलांना झोपवलं जाई आणि मुलं गोधडीच्या फटीतून तो संपूर्ण बघत. रात्री तीननंतर, जे उरतील त्यांच्यासाठी, गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’. उरत एकटे नाना.

यंत्राशी नानांचे संबंध घरोब्याचे होते. पडद्यावर मुंग्या आल्या, की ‘हेड खराब झालं’ असं निदान करून ते वर्गणीतली कोरी नोट हळूच आत सरकवत आणि हेड पुसत. नोट बाहेर आली की खिशात जाई, ती देखभाल-खर्च. ‘कुली’च्या वेळी मात्र निदान चुकलं. मारामारी रंगात आली असताना अमिताभ एकदम जागच्या जागी थिजला. नाना तीरासारखे उठले आणि त्यांनी मशीनला दोन चापट्या मारल्या. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली, की इथेच अमिताभला जीवघेणी दुखापत झाली होती. १९८२च्या जुलैत बंगळुरूच्या चित्रीकरणात झालेला तो अपघात, आणि मनमोहन देसाईंनी ते दृश्य मुद्दाम थांबवून दाखवलं होतं. चाळ हळहळली. नानांनी मशीनवरून हात फिरवला, आणि तो माफीचा होता असं जोशी अजून सांगतात.

नानांचं सिनेमा बघणं म्हणजे प्रकरण तपासणं. सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर आलं, की ते रिळांचा आकडा मोठ्याने वाचत आणि मध्यंतर कुठे पडणार ते जाहीर करत. नायक-नायिकेत त्यांना फारसा रस नसे. त्यांचं लक्ष कर्मचारीवर्गावर. इफ्तेखार इन्स्पेक्टरच्या वेशात शेवटच्या रिळात जीपमधून उतरला, की म्हणत, “आला उशिरा. हजेरीपटावर लाल शेरा.” जगदीश राज दिसला की मात्र त्यांना गहिवरून येई. या नटाने १४४ चित्रपटांत पोलीस साकारला, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. नानांना त्या विक्रमाचं कौतुक वाटण्याऐवजी अन्याय दिसायचा. “एवढी सेवा झाली, आणि बढतीचं नाव नाही!”

‘पुराना मंदिर’मधल्या सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं एका ठिकाणी कोंडलेलं आणि धड दुसरीकडे पुरलेलं. आम्ही पोरं भीतीने गारठलेली, आणि नाना शांतपणे सांगतायत, “मुख्यालय एका गावी, शाखा दुसऱ्या गावी. कामाला वेळ लागणारच.” त्यानंतर कुणाला सामरीची भीती वाटणं शक्यच नव्हतं. ‘हिम्मतवाला’तल्या गाण्यात घागरींच्या रांगाच्या रांगा आल्या. सगळे श्रीदेवीकडे बघत होते. नानांना प्रश्न पडला, की एवढ्या घागरींची जडवस्तू नोंदवहीत नोंद कोण ठेवत असेल. २०१३ साली साजिद खान यांनी अजय देवगणला घेऊन तोच ‘हिम्मतवाला’ नव्याने काढला. तोही नानांनी शेवटपर्यंत पाहिला आणि एका वाक्यात निकाल दिला, “घागरी होत्या, श्रीदेवी नव्हती.” त्या सिनेमावर याहून नेमकं परीक्षण माझ्या तरी वाचनात नाही.

आणि ‘अर्धसत्य’? श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता, रामा शेट्टीच्या भूमिकेत आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकर. इतका मराठी ऐवज एका हिंदी सिनेमात, आणि त्या वेळी अख्खी चाळ घोरत पडलेली. फौजदार वेलणकरच्या हातून कोठडीत माणूस मरतो, निलंबनाची तलवार डोक्यावर येते, आणि तो मदतीसाठी ज्या रामा शेट्टीला पकडायचं त्याच्याच दारात जातो. पहाटे साडेपाचला दूध आणायला उठलेल्या जोशींना नाना म्हणाले, “निलंबनाला घाबरला हो पोरगा. निर्वाहभत्ता मिळतो, हे त्याला कुणी सांगितलंच नाही.” जोशी हसले. नाना हसले नव्हते. ओम पुरीच्या त्या फौजदाराचं दुःख इतक्या जवळून समजलेला प्रेक्षक मला तरी दुसरा भेटला नाही. गुंडाला मारून वेलणकर स्वतः पोलिसांत हजर होतो, हे नानांना मनापासून पटलं होतं. “काहीही करा, पण हजर व्हा,” हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व.

रविवारी दुपारपर्यंत मात्र सगळ्या कथांची सरमिसळ झालेली असे. झोपून राहिलेल्यांना नाना गोष्ट सांगत, तेव्हा वेलणकर दीर्घ रजेवर गावी जाई, तिथे त्याला नदीपलीकडची गुंजा भेटे आणि शेवटी तो सामरीला बेड्या घाली. खरं सांगायचं तर मूळ चारांपेक्षा हा पाचवा जास्त बरा असे.

नानांकडे ‘वाईट सिनेमा’ असा वर्गच नव्हता. त्यांचे शेरे तीन: ‘मंजूर’, ‘त्रुटी दूर करून सादर करावा’ आणि ‘दप्तरी दाखल’. पण दप्तरी दाखल करायलाही कागद आधी पूर्ण वाचावा लागतो, हा नियम. अर्ध्यावर उठून गेलेल्या माणसाला मत मांडायचा हक्क ते देत नसत. वर्तमानपत्रात परीक्षण लिहिणाऱ्याने सिनेमा शेवटपर्यंत पाहिला असेल का, याची त्यांना कायम शंका.

आता नाना मुलाच्या फ्लॅटमध्ये असतात. भिंतीएवढा टीव्ही, चार-पाच ॲपं, हजारो सिनेमे, आणि परत करायला मशीन नाही. हीच त्यांची मोठी अडचण. सहाची मुदत गेली आणि बघण्यातली निकडच गेली. घरातली बाकीची मंडळी अर्धा तास नुसती यादी खालीवर करतात आणि काहीच न बघता झोपायला जातात. नानांनी यावर सरकारी तोडगा काढला आहे. यादीत जो क्रमाने येईल तो घ्यायचा. त्यामुळे २०२३चे ‘आदिपुरुष’ आणि ‘ट्वेल्थ फेल’ त्यांनी लागोपाठ पाहिले. पहिल्याला ‘त्रुटी दूर करून’, दुसऱ्याला ‘मंजूर’. शिवाय ‘परीक्षेचा फॉर्म वेळेत भरला, हे विशेष’ अशी नोंद. तीन तास एकवीस मिनिटांच्या ‘ॲनिमल’लाही ते जागचे हलले नाहीत. सून म्हणाली, “बाबा, आधी रिव्ह्यू तरी बघत जा.” नाना म्हणाले, “जेवायच्या आधीच ढेकर कशाला?”

हल्ली सिनेमा दहा मिनिटांत बंद करणारे खूप झालेत, आणि दीडपट वेगाने बघणारेही. मत मात्र प्रत्येकाचं पूर्ण वेगात असतं. त्यांच्या गर्दीत नानांसारखा माणूस दुर्मीळ होत चालला आहे. टुकार सिनेमा पूर्ण बघितल्याशिवाय चांगल्याची किंमत कळत नाही, हे त्यांना पुस्तक न वाचता समजलं होतं. तुमच्या शेजारी असे कुणी नाना असतील, तर येत्या सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन बसा. कुठला सिनेमा लावताय, हे विचारू नका. चहा सांगा आणि शेवटच्या पाटीपर्यंत उठू नका.